पान एकशे साठनंतर

बाइंडरकाका नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. वाचनालयाच्या तळघरात चौतीस वर्षं पुस्तकं बांधत बसलेला माणूस. त्यांना कोणी "काका, हे जरा तिरकं झालंय का?" असं विचारलं की संपलंच! "तुझी मान तिरकी असेल," हे ऐकून घ्यावं लागे. आणि खरं सांगायचं तर पुस्तक कधी तिरकं नसायचंच.

पण गेल्या वर्षापासून काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि ते त्यांनी फक्त काकूंना सांगितलं होतं. "अहो, ऑपरेशन करून घ्या," काकू रोज सांगायच्या. "माझी बोटं बघतात," काका उत्तर द्यायचे. खरं कारण वेगळंच होतं. वाचनालयाची समिती आधीच बांधणीचं काम बाहेरच्या मशीनवाल्याला द्यायला टपली होती. काकांचे डोळे गेले हे कळलं की तळघराला कुलूप आणि काका घरी. घरी बसून दिवसभर करायचं काय?

त्या वाचनालयाची एक रीत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक आखलेला कागद चिकटवलेला असायचा. पुस्तक वाचून झालं की त्यावर एखादी ओळ लिहायची. कागद भरला की काका खालच्या कडेला दुसरा जोडायचे. बहुतेक पुस्तकांचा पहिला कागदही जन्मात भरत नसे. 'जिन्या'चे मात्र चार कागद झाले होते.

'जिना' म्हणजे एक कादंबरी. तिचं खरं नाव हातभर लांब, म्हणून सगळे 'जिना'च म्हणत. एक माणूस आपल्या इमारतीचा जिना चढतो तो थेट चाळीस वर्षं मागे पोचतो. तिथे तिसऱ्या मजल्यावर कपडे शिवणारी एक मुलगी राहते. खाली उतरलं की पुन्हा आजचा दिवस. आता अशा माणसाने संसार करायचा तरी कसा? पण लोक नुसते वेडे झाले होते. एकीने लिहिलं होतं, "सासूबाईंना वाचून दाखवली. त्या रडल्या, मीही रडले. अकरा वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं." दुसऱ्याने लिहिलं होतं, "तीन मजले चढून मला धाप लागते, याला प्रेम सुचतं!" आणि कोणीतरी, "नायक मूर्ख आहे. पुन्हा वाचणार."

इतके हात लागल्यावर पुस्तक खिळखिळं होणारच. पाच महिन्यांपूर्वी काकांनी ते उसवून नव्याने शिवलं होतं. सोळा-सोळा पानांचा एक दुमडलेला जुडगा, त्याला फर्मा म्हणतात. असे वीस फर्मे. शेवटच्या फर्म्याची पानं सगळ्यात फाटलेली, कारण शेवट लोक दोनदोनदा वाचायचे. काकांनी तो डागडुजी करून, खळ वाळायला म्हणून पहिल्या दहा फर्म्यांच्या ढिगावर ठेवला. आणि विसरले. उरलेला ढीग त्यावर ठेवला आणि शिवून मोकळे झाले. फर्म्यांचे बारीक आकडे तपासायची पद्धत होती. त्यांनी तपासलेही, पण दिसत होतं कुठे?

त्या दिवशी दुपारी ग्रंथपालबाई पुस्तक घेऊन तळघरात आल्या. शाळेत असताना या बाई काकांकडून वह्यांना कव्हरं घालून घ्यायच्या. आता साहेब झाल्या होत्या, पण काकांना काकाच म्हणायच्या.

"काका, एकशे साठनंतर तीनशे पाचवं पान आलंय. शेवट मध्येच लागलाय."

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. "कोण म्हणतं?"

"मास्तर. त्यांनी लाल पेन्सिलने लिहिलंय, 'पृष्ठक्रम चुकलेला आहे. आधीच्या नऊ वाचकांपैकी एकाच्याही लक्षात आलेले नाही, हे अधिक गंभीर!'" बाईंना हसू आवरेना. "काका, लोकांना वाटलं लेखिकेनेच असं लिहिलंय. काळात मागेपुढे जायची गोष्ट, मग पानंही मागेपुढे जाणार! एकाने तर लिहिलंय, 'काय धाडस! शेवट आधी सांगितला आणि तरी सोडवत नाही.'"

काकांना कसलं हसू येतंय! मास्तर समितीवर होते आणि सोमवारी बैठक होती. "ठेव इथे," ते तुटकपणे म्हणाले. "तासाभरात उसवून नीट करतो."

बाई वर गेल्या. काकांनी पातळ सुरी काढली, पुठ्ठा उलटून दोऱ्याची गाठ बोटांनी चाचपली. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

चावीवाल्याची बायको होती. अर्ध्या गावाच्या चाव्या तिच्या नवऱ्याने घासून दिलेल्या. काकांच्या तळघराचीही त्यानेच दिलेली. गेल्या महिन्यात तो वारल्याचं काकांच्या कानावर आलं होतं.

"वहिनी, बसा. फार वाईट झालं."

"बसत नाही. 'जिना' तुम्हीच बांधलंत ना? वर कळलं की तुम्ही ते नीट करणार आहात."

आता ही पण ऐकवणार, असं वाटून काका घाईने म्हणाले, "चूक झाली, वहिनी. आजच दुरुस्त करतो."

"नका करू! तेच सांगायला धावत आलेय." ती टेबलाला धरून उभी राहिली. "यांना दवाखान्यात रोज वाचून दाखवायचे. एकशे साठाव्या पानावर त्या माणसाने पायरीवर पाय ठेवला आणि उलटलं तर ती दोघं म्हातारी होऊन जिन्यात बसलेली! मी गोंधळले. हे मात्र खूश झाले. म्हणाले, 'म्हणजे भेटतात तर. चला, काळजी मिटली. आता मधलं सावकाश वाच, घाई नाही.' त्याआधी रोज विचारायचे, किती पानं राहिली, किती पानं राहिली. मग विचारणंच सोडलं. दोनशे चौदाव्या पानावर गेले, काका. पुस्तक सरळ असतं तर शेवट त्यांना कळला नसता हो."

काकांच्या हातात सुरी तशीच राहिली होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

"पुढचं मी एकटीने वाचलं," ती म्हणाली. "आता ते संपतं तिथे तो दार वाजवतो आणि ती आतून म्हणते, 'थांबा, उघडते.' आमच्या यांनी जन्मभर लोकांची दारं उघडून दिली. मला हाच शेवट बरा वाटला. तुमचे उपकार कसे फेडू?"

"अहो, उपकार कसले! मला दिसत नाही म्हणून झालं ते," काका बोलून गेले. काकूंशिवाय कोणालाही न सांगितलेलं असं तोंडातून निघालं आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. डोळे पुसत त्यांनी पुस्तक काखेत मारलं आणि तिच्या मागोमाग वर गेले.

"चूक माझी आहे," त्यांनी ग्रंथपालबाईंना सांगितलं. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. समितीला सांगून टाका. काम जायचं तर जाऊ दे, पण हे पुस्तक मी उसवणार नाही."

बाईंनी ड्रॉवरमधून चिठ्ठी काढली. "काकूंचा महिन्यापूर्वीच फोन आला होता. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय. तुम्ही कधी बोलताय याचीच वाट बघत होते. सुट्टी घ्या. तुमची खुर्ची कुठे जात नाही, समितीशी मी भांडते."

"कारस्थान!" काका ओरडले आणि चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली.

सोमवारच्या बैठकीत भांडावं लागलंच नाही. बाईंनी मास्तरांना वहिनींची हकीकत सांगितली आणि त्यांच्यापुढे पुस्तकाचा शेवटचा कागद उघडून ठेवला. मास्तरांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला, लाल पेन्सिल मागून घेतली आणि लिहिलं, "पृष्ठक्रम आहे तसाच ठेवावा." मशीनवाल्याचा विषय त्या दिवशी कोणी काढलाच नाही.

पाच आठवड्यांनी काका तळघरात परतले. दिव्याखाली 'जिना' उघडून शेवटचा कागद त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. मास्तरांच्या दोन्ही लाल ओळी होत्याच. त्यांच्या मधे, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात चावीवाल्या वहिनींनी त्या दिवशी वर जाऊन लिहिलं होतं, "आमची दोघांची वाचून झाली."