चौथ्या पायरीवरचा डाग

मित्रांनो, राज्यशास्त्र विभागातल्या कपाटाच्या तळाशी, मोडक्या स्टेपलरखाली एक जुना पुठ्ठा दबलेला आहे. तो मीच. माझ्यावर दहा पायऱ्यांची शिडी छापली आहे. पहिली पायरी म्हणजे अजिबात विश्वास नाही, दहावी म्हणजे पूर्ण विश्वास.

विभागातल्या बाई मला घेऊन घरोघर हिंडायच्या. लोकशाहीची तब्येत कशी आहे, हे त्या लोकांनाच विचारायच्या. दर दोन वर्षांनी तीच घरं, तेच प्रश्न. सरकारवर किती विश्वास? न्यायालयावर? लोक माझ्यावर बोट ठेवत आणि बाई आकडा टिपून घेत. जुना आकडा नव्याशेजारी ठेवला की काय बदललं ते दिसायचं.

मला शिंपीणकाकूंचं घर फार आवडायचं. शिलाई मशीन थांबवून त्या माझ्याशी हुज्जतच घालायच्या. "सरकारला पाच देऊ? छे, गटार अजून तुंबलेलंच आहे. चारच लिहा."

आतून काका म्हणायचे, "मला तरी कुठे चारच्या वर दिलेत तिने?"

काकूंच्या बोटाला मशीनचं तेल असायचं. त्याचा डाग माझ्या चौथ्या पायरीवर पडला. मी तो मिरवायचो.

पुढे त्यांच्या समोरच्या मास्तरांनी वर्तमानपत्रात सरकारला चार खडे बोल सुनावले. त्यांना चौकशीला नेलं. ते परत आले, पण नोकरी गेली. गल्लीने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

त्यानंतर आम्ही गेलो, तेव्हा काकूंनी आधी खिडकी लावून घेतली. मग बोट थेट दहाव्या पायरीवर ठेवलं.

"काकू, विचार करून सांगा," बाई म्हणाल्या.

"विचार करूनच सांगतेय. दहा लिहा."

काका आतच होते. त्यांनी उठून दारही लावून घेतलं.

सगळ्या गल्लीने दहाच सांगितले. विभागात कोणीतरी म्हणालं, "लोकांचा विश्वास बराच वाढलेला दिसतोय."

बाईंचा चहा निवत होता. "ही भीती आहे," त्या म्हणाल्या. "या शिडीवर दोन्ही सारखंच दिसतं."

आता बाई बिननावाची उत्तरं बंद पाकिटात घेतात. काकू त्यात चार लिहीतही असतील. मी अडगळीत पडलो, त्याचं फारसं दुःख नाही. स्वतःच्या घरात चार म्हणायला त्यांना पाकीट लागतं, याचं मात्र फार वाईट वाटतं.

मित्रांनो, मला जपू नका. पुठ्ठा काय, दुसरा मिळेल. पण कोणी कुरकुरत चार म्हणत असेल, तर त्याला म्हणू द्या. आणि त्यापायी तो एकटा पडला, तर त्याच्या दारात जाऊन बसा. मास्तरांच्या दारात कोणी गेलं नाही. काकूसुद्धा गेल्या नाहीत.