करुणाचे टोपडे

मित्रांनो, आता मला कोणी डोक्यावर घालत नाही. मी करुणाचे जुने टोपडे. १९८४ साली पांढुर्ण्यात तिच्या आईने, वत्सलाने, आपल्या मऊ झालेल्या पातळातून मला हाताने शिवले. तिचा टाका जरा मोठा होता, पण पक्का होता.

आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या टाळूवर रोज तेल घालतात आणि वर टोपडे बांधतात. त्यामुळे मी नेहमी ओले असे आणि कोणाला त्यात काही वाटत नसे. करुणा फारशी रडत नसे. दूध पिताना मध्येच थांबायची आणि झोपी जायची.

"लय गुणाची पोरगी हाये," आजी कौतुकाने म्हणायची. "बापावर नाही गेली."

एके दिवशी घरातले तेल संपले. संध्याकाळी वत्सलाने मला सोडले, तर मी पिळून काढावे इतके ओले.

"आई, आज तर तेल घातलंच नाही. हा घाम हाये."

"गरमी होत असन."

"पौषात कायची गरमी, आई?"

वत्सलाचा नवरा उत्तम कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. दुसऱ्या दिवशी दोघे करुणाला घेऊन नागपूरच्या गाडीत बसले. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, हृदयातून रक्त बाहेर जाते त्या वाटेवरची झडप जन्मतःच चिकटलेली आहे, नीट उघडत नाही. म्हणून बाळ दूध ओढतानाही दमते. रडायलाही तिच्यात जोर नाही. ऑपरेशन केले नाही तर ती वाचणार नाही, आणि ऑपरेशनमध्येही धोका आहे.

इतक्या लहान बाळांचे ऑपरेशन तेव्हा फार थोड्या ठिकाणी होई. आम्ही मद्रासला गेलो. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात नर्सने करुणाच्या डोक्यावरून मला काढून वत्सलाच्या हातात दिले. तिने मला मुठीत आवळून धरले.

"फाडतं का आता टोपडं?" उत्तम म्हणाला.

"फाटू द्या. ती बाहेर येऊ द्या, धा शिवून देईन."

डॉक्टर बाहेर आले. झडप मोकळी झाली होती. काही दिवसांनी करुणाने न थांबता दूध प्यायले आणि आणखी हवे म्हणून असा गळा काढला, की वत्सला हसता हसता रडू लागली. निघताना डॉक्टरांनी बजावले, ही झडप कायमची नाजूक आहे, दरवर्षी दाखवायला आणा.

वत्सला दरवर्षी नेत असे. गेल्या पावसाळ्यात, करुणा आठ वर्षांची असताना, वत्सला तापाने गेली. उत्तम कधी कधी पेटीतून मला काढतो, हातात घेऊन बसतो आणि परत ठेवतो. तपासणीचे दिवस आले तेव्हा मला वाटले, यंदा राहून जाणार. पण सकाळी तो करुणाची वेणी घालू लागला.

"बाबा, वाकडी झाली."

"राहू दे. डॉक्टरले छाती पाहाची हाये, वेणी नाही."

"आई सरळ घालत होती."

"हो. तिचं सगळंच सरळ होतं," तो म्हणाला. त्याने वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. गाडीला अजून वेळ होता.

मित्रांनो, मूल खेळू लागले, बरे दिसले, म्हणून तपासणी सोडू नका. घरात दुःख असेल त्या वर्षी तर मुळीच सोडू नका.