हर्षदच्या फ्लेक्सखालची पाटी

मित्रांनो, जरा डोळे मिटा. पावस गावाच्या पुढे एसटीच्या वळणावर तुम्ही एका पायावर उभे आहात आणि कोणीतरी तुमच्या तोंडावर पोतं बांधलं आहे, असं समजा. आता माझा राग तुम्हाला कळेल.

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. दादू पेंटरने माझ्यावर आमच्या वाडीचं नाव लिहिलं आणि खाली लोकसंख्या. तेव्हा शिमग्याची पालखी घरोघर नाचत होती, सगळे मुंबईकर आलेले. दादूने त्यांनाही मोजलं! पालखी देवळात परतली, घरांना कुलपं लागली, आकडा मात्र तसाच राहिला. तरी मी तो ताठ मानेने मिरवत होते.

यंदा बागवाल्या हर्षदने माझ्या तोंडावर आपला फ्लेक्स ठोकला. वर त्याचा हसरा चेहरा, खाली ‘अस्सल हापूस’.

"मेल्या, वाडीचं नाव झाकलंस!" सुंदराकाकी ओरडल्या.

"काकी, वाडीत माणसं हायत किती? तुम्ही नि तुमची मांजरं! नाव वाचायचंय कोणाला?"

खिळे माझ्या अंगात घुसले. मनात म्हटलं, थांब लेका.

गिऱ्हाइकं वाडीचं नाव शोधत येत. ते दिसेना, तेव्हा गाड्या सरळ पुढच्या गावातल्या बागांकडे जात. हर्षदचे आंबे पेटीतच काळे पडले. मी वाऱ्यावर खुशाल करकरत होते.

मग एका सकाळी काजू वेचताना सुंदराकाकींना विषारी फुरसं चावलं. रुग्णवाहिका आली आणि तीही तशीच पुढे निघून गेली. माझी करकर थांबली.

शेजारची सानिका फोन कानाला लावून वळणावर धावत आली.

"पाटीच नाही कुठे!" ड्रायव्हर वैतागला होता.

"मागे फिरा, आता दिसेल!" म्हणत तिने फ्लेक्स खिळ्यांसकट ओढून काढला. माझा पत्रा फाटला, पण नाव दिसलं. गाडी वळली. काकी वाचल्या.

मित्रांनो, पाटी झाकण्याआधी विचारा, ती कोण शोधत येईल.

काकी घरी परतल्यावर हर्षद वळणावर आला, हातात हातोडी.

"काय गो सानिका, माझा फ्लेक्स कुठाय? परत लावायचाय."

"काकी कशा हायत, ते नाय विचारलंत?"

"विचारीन मग. आधी फ्लेक्स दे."

सानिकाने फ्लेक्स आणला. त्याच्यासमोरून वळणालगतच्या गोठ्यामागे नेला, हसरा चेहरा खाली करून शेणखताच्या ढिगावर पसरला आणि उडू नये म्हणून कडेने जांभ्या दगडाचे चिरे ठेवले.