सुकाचा श्वास

मनोरच्या दवाखान्यातल्या दीपिका सिस्टरची ड्यूटी दुपारी संपत होती. संध्याकाळी पालघरजवळच्या माहीमच्या मठात महाराज तिला अनुग्रह देणार होते. नोकरी पोटासाठी, देवाचं काम त्यानंतर, असं तिनं मनाशी पक्कं धरलेलं.

ती पर्स उचलणार तोच पाड्यावरच्या सुकाला झोळीतून आणलं. शेतात नाग चावलेला. पापण्या मिटलेल्या, श्वास विझत चाललेला. डॉक्टरांनी विषावरचं औषध चढवलं, घशात नळी घालून तिला रबरी पिशवी जोडली.

"पालघरला व्हेंटिलेटर आहे. तोवर पिशवी दाबत राहायचं. हात थांबला की माणूस गेला."

पुढच्या पाळीची सिस्टर अजून आली नव्हती. सुकाची बायको लाडकी दीपिकाकडे बघत होती. "बाय, तू येशील ना?"

दीपिका अँब्युलन्समध्ये चढली.

वाटेत ट्रक आडवा झालेला. पुढे गाड्यांची रांग, मागेही रांग. ड्रायव्हर धर्मेश उतरून ओरडत पुढे धावला. आत दीपिका दाबत होती, सोडत होती. ताल चुकू नये म्हणून तिनं नाम धरलं. थोड्या वेळानं नामही सुटलं. उरली फक्त सुकाची छाती. ती वर आली की हिचा जीव भांड्यात पडायचा, खाली गेली की पुन्हा टांगणीला.

बोटं वळेनात. पिशवी अर्धीच दबली. सुकाचे ओठ काळवंडले.

"मला दाखव," लाडकी पुढे सरली. "मी दाबते."

दीपिकानं तिचे हात पिशवीवर ठेवले, वर आपले ठेवले. "घाई नको. छाती फुगली की सोड."

"आता?"

"आता."

धर्मेशनं कडेनं वाट काढली. गाडी गचके खात निघाली. दोघी आळीपाळीनं दाबत राहिल्या.

पालघरला मशीन लागलं तेव्हा दीपिका भिंतीला टेकली. मठातून फोन आला. "महाराज निघाले, ताई. आता पुढच्या महिन्यात."

"बरं," ती म्हणाली. आता वाईट वाटेल, असं तिला वाटलं होतं, पण वाटलं नाही. इतकी वर्षं आपण देवाचं काम सुरू व्हायची वाट बघत होतो, ते रोज हातातच होतं, एवढंच तिला कळलं. आणि भीतीही वाटली, किती दिवस ते नुसतं उरकलं म्हणून.

तिसऱ्या दिवशी सुकानं डोळे उघडले, घशातली नळीही निघाली. लाडकीनं फोन केला. रडत होती, नीट बोलता येत नव्हतं.

"बाय, तो पाणी मागतो. देऊ का?"

"आधी तिथल्या सिस्टरना विचार," दीपिका म्हणाली आणि डोळे पुसत पुढच्या पेशंटकडे वळली.