गोजरबाईचं जांभळं पाणी

गुरुवारची दुपार. जानेफळच्या बाहेर पत्र्याच्या शेडात दोनशे-अडीचशे माणूस दाटीवाटीनं बसलेलं. समोर तख्तावर भस्मेश्वर महाराज. वय चाळिशीच्या आतबाहेर, गळ्यात रुद्राक्षांचं ओझं, बोटांची टोकं तपकिरी. पुढ्यात स्टीलची परात आणि परातीत स्वच्छ पाणी.

"पाहून घ्या, पाणी कसं आहे? गंगेसारखं!" महाराज म्हणाले. "आता या माउलीचा रोग यात उतरणार. किडनी म्हणजे काय हो? पोटातल्या दोन घेवड्याच्या बिया! देवानं पेरल्या, देवच उगवणार. डाक्टर मशीन लावतो. मशीनला कधी भक्ती असते का?"

माउली म्हणजे मिरची-वांगी पिकवणाऱ्या कडूबाची बायको, गोजरबाई. तिच्या दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा तालुक्याला डायलिसिस. महाराजांनी तिच्या तळहातांना चिमूटभर भस्म चोळलं, काहीतरी पुटपुटले आणि हात परातीत बुडवायला लावले. पाणी बघता बघता जांभळं झालं. बायकांनी हात जोडले, कुणीतरी हुंदका दिला. मग महाराजांनी दोन लिंबं पिळली. जांभळा रंग पिवळट पडत पडत विरला.

"विष उतरलं आणि जळालंसुद्धा!"

शेडात एकच जयजयकार झाला.

मी मागे उभा होतो. तीस वर्षं सरकारी पशुदवाखान्यात काढली, त्यामुळे गाव मला 'ढोराचा डॉक्टर' म्हणतं. ती तपकिरी बोटं पाहिली आणि मला सगळं कळलं. कळलं, आणि मी घरी जाऊन चहा प्यायलो. खोटं कशाला सांगू? असे महाराज मी पुष्कळ पाहिले. एकाचं पितळ उघडं पाडावं, की लोक म्हणणार, तो भोंदू होता, पण हा खरा आहे. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून माझे हात दुखायला लागले होते. म्हटलं, आपल्या बापाचं काय जातंय.

पुढच्या गुरुवारी कडूबाची सून प्रतीक्षा धापा टाकत दारात आली.

"साहेब, आत्याबाईचे पाय लय सुजले. चार पावलं चालल्या का दम लागते. मशीनीच्या दोन पाळ्या चुकल्या."

"काऊन चुकल्या?"

"मामंजी म्हणतात, विष तं उतरलं, आता मशीन कायले? महाराजानं केळीच्या खुंटाच्या राखेचा क्षार देल्ला. नारळपाण्यात टाकून दिवसातून तीनदा पाजून राह्यले. आता दोघं शेडातच गेले, दुसऱ्या बैठकीले."

गेल्या गुरुवारी मी तोंड उघडलं असतं तर या दोन पाळ्या चुकल्या नसत्या. मी तिच्या मागोमाग निघालो.

"या, ढोराचे डाक्टर!" मला पाहून महाराज गरजले. "इथं गुरं नाहीत!"

लोक हसले. मी हसणाऱ्यांत दूधवाल्या बनाबाईला हेरलं.

"बनाबाई, तुझ्या गाईला लाळ्या-खुरकूत झाली होती. खूर धुवायला मी काय दिलं होतं?"

"लाल दवा. पाण्यात टाकली का पाणी जांभळं होये."

"आणि तुझे हात?"

"हात तं आठ दिवस..." बनाबाईनं पुढ्यात बसलेल्या गोजरबाईचे तळहात पाहिले आणि ती थांबली. "असेच तपकिरी होते बाप्पा!"

कडूबाच्या खिशातून महाराजांनी घरी लावायला दिलेल्या भस्माची पुडी डोकावत होती. ती मी मागून घेतली आणि पाण्यानं भरलेल्या ग्लासात चिमूटभर टाकली. कुणाचा हात नाही, मंत्र नाही. पाणी जांभळं झालं.

"या गिलासाची किडनी खराब झाली का हो?" मी विचारलं.

"श्रद्धा नसलेल्याच्या हातात भस्म कोपतं!" महाराज ओरडले. या वेळी हसणारे थोडे कमी होते.

परातीजवळचं लिंबू कापून मी गोजरबाईच्या तळहातावर चोळलं. डाग निघून गेला. मग सांगितलं. या औषधाचं नाव पोटॅशियम परमँगनेट. जखमा धुवायला, खूर धुवायला चांगलं. बारीक करून राखेत मिसळलं की दिसत नाही. पाणी लागलं की रंग सोडतं, लिंबू पिळलं की रंग जातो. रोगाचा यात काडीचाही संबंध नाही.

कडूबा मात्र अडून बसला. "रंगाचं राहू द्या, साहेब. पण क्षार तं झाडाचा आहे. नारळपाणी देवाचं. त्यानं काय बिघडते?"

"मिरचीला पोटॅश देतोस ना?"

"देतो. मापानं."

"दुप्पट दिलं तर?"

"पानं करपतात. झाड जाते."

"केळीच्या खुंटात पोटॅशच असतं. नारळपाण्यातही तेच. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं बाहेर टाकते. गोजरबाईची टाकत नाही, म्हणून मशीन. मशीन बंद करून तू तिला वरून पोटॅशच पाजतोयस. ते साठलं की काळीज चालता चालता बंद पडतं, कडूबा."

प्रतीक्षानं पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला. नारळपाणी बंद, केळं बंद, असं त्यावर मराठीत लिहिलेलं होतं. "मी दाखवतच होती, मामंजी."

कडूबानं कागद वाचला, महाराजांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "आता आलोच हाओत तं... आजची बैठक होऊन जाऊ द्या. मंग पाहू."

तेव्हा गोजरबाई जमिनीला हात टेकून उठली.

"तुमी बसा बैठकीत. मले जगायचं हाय. प्रतीक्षा, गाडी बोलाव."

कडूबा तिच्यामागे उठला. अर्धी गर्दी तशीच बसून राहिली. बाहेर पडताना एक म्हातारा माझ्या कानाशी लागला, "हा खोटा असन साहेब, पण लोणारकडं एक आहे, तो लय जागृत!" मी त्याच्याशी वाद घातला नाही. तेवढी ताकद नव्हती.

गाडीत गोजरबाईनं मान टेकून विचारलं, "तुमाले हे कवा समजलं?"

"गेल्याच गुरुवारी. मी होतो तिथं."

"मंग तवाच काऊन नाही बोलले?"

तालुक्याच्या दवाखान्यात पोचताच तिला मशीन लावली. मशीन चार तास चालली. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापर्यंत थांबला असता तर आणायची गरज उरली नसती.

वाचणाऱ्यांनो, कुणी भस्मानं पाण्याचा रंग बदलून दाखवला, तर रोग्याचा हात बाजूला ठेवा आणि नुसतं भस्म पाण्यात टाकून पाहा. डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू उपचार सोडू नका. आणि ज्याला युक्ती कळली आहे, त्यानं तिथंच, त्याच दिवशी, कितीही कंटाळा आला असला तरी बोलावं.