मोठ्याने म्हटलेलं भजन

हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या माणसाला खोलीतले सोबती 'कडक' म्हणत. त्याच्या हाताखालून गेलेली चादर कडक असे म्हणून. स्वतः तो लोण्याहून मऊ. कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर माफी हाच मागायचा.

परक्या मुलखात असा स्वभाव कामी येतो. तिथला कायदा तसा वाईट नव्हता. बाहेरून आलेल्याने आपला देव आपल्या खोलीत, दार लावून, आवाज बाहेर न जाऊ देता भजावा, एवढंच. आता खोली एक, माणसं चार, त्यातले दोघे रात्रपाळी करून दिवसा झोपणारे, आणि भिंती अशा की शेजाऱ्याची उचकी इकडे ऐकू यावी. मागे एकाने साधी आरती म्हटली, तर दुसऱ्या दिवशी ठेकेदार दारात उभा. पुन्हा तक्रार आली तर म्हणणाऱ्याला घरी पाठवीन, असं बजावून गेला. तेव्हापासून त्या खोलीत देवाशी सगळे मुक्यानेच बोलत.

अशात कडकचे वडील, दादा, गेले. सुट्टी मिळाली नाही. बहिणीचा फोन आला.

"तुला येता येत नाही, कळतंय मला," ताई म्हणाली. "पण दादांचं भजन तरी म्हण. आणि मोठ्याने म्हण. पुटपुटलेलं त्यांना कधी चाललंय का?"

"म्हणतो," असं तो म्हणून बसला खरा. म्हणावं तर नोकरी जाणार, आणि घरची चूल त्याच नोकरीवर पेटत होती. न म्हणावं तर बापाचं एवढंही आपल्याच्याने झालं नाही, हे जन्मभर जिवाला लागून राहणार.

शेवटी त्याने तोड काढली. कपडे सुकवण्याचं मोठं यंत्र फिरू लागलं की शेजारी उभ्या माणसाची हाकसुद्धा ऐकू येत नसे. दुपारी ते सुरू होताच त्याने भिंतीकडे तोंड केलं, चादरीवर इस्त्री टेकवली आणि गळा मोकळा सोडला. पण कपडे सुकले की ते यंत्र आपोआप थांबतं. दिवसभर त्या थांबण्याकडेच कान लावून काम करणारा हा गडी नेमकं तेच विसरला. यंत्र थांबलं आणि याचा आवाज सगळ्यांसमोर उघडा पडला.

मुकादमबाई आल्या. तिथल्याच मुलखातल्या, कधी न हसणाऱ्या.

"काय चाललंय?"

"वडील वारले," तो त्यांच्या भाषेत अडखळत म्हणाला. "हे त्यांचं गाणं. देवाचं."

"इथे चालत नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

बाईंनी आधी त्याच्या हाताखालची इस्त्री उचलून उभी केली. चादर करपायला लागली होती. मग यंत्रातले सुकलेले कपडे काढले, झाकण लावलं आणि ते रिकामंच पुन्हा सुरू केलं. बाकीच्यांना चहाला पिटाळलं.

"मी दाराबाहेर आहे," एवढं बोलून त्या गेल्या.

कडकच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. घरी दादा ओळ टाकत आणि मागे सगळे ती उचलत. आई, ताई, शेजारपाजारचे, दारावरून जाणारासुद्धा. त्याने दादांची ओळ टाकली आणि सवयीने थांबला. यंत्र घरघरत राहिलं. मग ती ओळ त्याने स्वतःच उचलली. पुढची टाकली, थांबला, तीही स्वतःच उचलली. असं करत सबंध भजन त्याने शेवटाला नेलं. दादा गेल्याचं कळलं तेव्हाही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. रात्रपाळीचे दोघे अजून झोपले होते, म्हणून तो जिन्यात जाऊन बोलला.

"म्हटलंस?"

"म्हटलं."

"मोठ्याने?"

"अगदी मोठ्याने. कुणी अडवलं नाही."

"आणि मागे म्हणायला कोण होतं रे?"

कडकने रिकाम्या जिन्याकडे पाहिलं.

"होते की बरेच जण," तो म्हणाला. "बसायला जागा पुरेना."