उत्तरेचा काठ

माझ्या धाकट्या बहिणीचा फोटो पेपरात आला, त्या दिवशी कचेरीत तिघांनी मला तो आणून दाखवला. जशी काही मी आंधळीच. तळं आणि त्याभोवतीचं सरकारी रान खाणींपासून कायमचं वाचवणाऱ्या कायद्याचा मसुदा म्हणे आमच्या वकीलबाईंनी लिहिला. त्या रानात ती आयुष्यात दोनदा गेली असेल, तेही सहलीला. मी बावीस वर्षं तिथे मोजणीच्या साखळ्या ओढल्या, जळवा पोसल्या, नकाशे काढले. आयत्या बिळावर नागोबा! हो, माझ्या पोटात दुखत होतं. लपवून काय करू?

समितीतल्या मतदानाच्या आदल्या दिवशी मसुदा शेवटच्या तपासणीला माझ्याच टेबलावर आला. सोबत नकाशाची छोटी, नुसत्या रेघांची छापील प्रत होती. पाच मिनिटांत मला हवं ते सापडलं. आमच्या मोजणी खात्यात तळं दोनदा मोजतात, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा तुडुंब भरल्यावर. हद्द दुसऱ्या मोजणीवरून ठरते. धाकटीने उन्हाळ्याची रेघ जोडली होती. म्हणजे उत्तरेचा अख्खा काठ कायद्याबाहेर, आणि खाणवाल्यांचा डोळा नेमका तिथेच. तो काठ खोदला असता तर तळ्याचं पाणी कुणी तोंडात घेतलं नसतं.

मला आधी आनंद झाला. तळ्याची काळजी नंतर वाटली.

लगेच फोन लावला. "तुझा नकाशा चुकलाय. उन्हाळ्याचा जोडलायस."

कागद उलगडल्याचा आवाज आला. मग तो पुन्हा घडी केल्याचा. "बरं झालं पाहिलंस, ताई. बरोबर रेघ काढून देशील?"

"देते. पण उद्या समितीपुढे सांगायचं, चूक कोणाची आणि पकडली कोणी."

"नको गं. मुकाट्याने बदलू ना."

"का? कौतुक तेवढं तुझं, आणि चूक झाली की मुकाट्याने?"

"बरं," ती म्हणाली. "सांगते."

दुसऱ्या दिवशी समितीच्या टेबलावर मूळ नकाशा पसरला होता. माझी नवी रेघ शेजारी. अध्यक्षांनी विचारलं, "एवढी मोठी चूक झाली कशी?"

धाकटीचा हात नकाशाच्या कोपऱ्यावर होता. "माझी चूक. मी पडताळून घ्यायला हवं होतं. माझ्या ताईने पकडली."

सगळे माझ्याकडे वळले. कुणीतरी शाबासकी दिली. मी मान ताठ केली. मतदान झालं आणि उत्तरेच्या काठासकट मसुदा मंजूर झाला.

लोक उठल्यावर मी नकाशा आवरायला गेले. धाकटी हात उचलेना. मी तो बाजूला केला. खाली लिहिलं होतं, 'तळं भरल्यावरची मोजणी'. अक्षर माझं. सही माझी, नोकरीच्या पहिल्या वर्षाची. त्या वर्षी दुसऱ्या फेरीचा मी कंटाळा केला होता. उन्हाळ्याचीच रेघ पुन्हा काढून वर हे लिहून टाकलं होतं.

"फोनवरच कळलं होतं तुला?"

"मूळ कागद माझ्यासमोरच होता ना," ती हळूच म्हणाली. "चल आता."

अध्यक्ष अजून दारातच होते. एक हाक मारली असती तर थांबले असते. मी नकाशाची गुंडाळी केली, सही आत राहील अशी. धाकटीचा एवढा हेवा मला कधीच वाटला नव्हता.